हात सैल पडावा म्हणून

बांगड्या भरणाऱ्या बाईला माणूस चेहऱ्यावरून कळत नाही, हातावरून कळतो, असं शरिफाबी म्हणायची. चेहरा हसरा ठेवता येतो, हाताला ते जमत नाही.

नळदुर्गला किल्ल्याच्या बाजूला तिचं दोन खणांचं घर होतं. नवरा लालमहंमद हिवतापानं गेला तेव्हा ती तिशीची होती आणि पदरी एकच मुलगी होती. सासू ताहेराबीनं दोन दिवस रडू दिलं, तिसऱ्या दिवशी बांगड्यांचं गाठोडं पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "उठ बेटी. अणदूरच्या बाया वाट बघत असतील." तेव्हापासून शरिफाबीचा क्रम ठरला. सोमवारी अणदूर, बुधवारी जळकोट, शुक्रवारी घरी, आणि बाजाराच्या दिवशी वेशीपाशी बसायचं. वीस वर्षांत हा क्रम आजारपणाशिवाय मोडला नाही.

गाठोड्यात काचेच्या माळांखाली एक चपटी लाकडी पेटी असे. तीत गंजिफाची गोल पानं होती. रुपयाएवढी, लाखेच्या रंगानं रंगवलेली. कधीकाळी शहाण्णव होती म्हणे, उरली एकतीस. खेळ कसा खेळायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताहेराबीच्या सासऱ्यांना येत असे, ते गेले आणि त्यांच्याबरोबर खेळही गेला. चित्रं मात्र मागं राहिली: गादीवर बसलेला राजा, घोड्यावरचा वजीर, तलवारी, मोहरा, कापडाचे गठ्ठे.

ही पानं ताहेराबीनं धंद्याला लावली ती वेगळ्याच कारणासाठी. हाताला बसणारी बांगडी पंज्यावरून आत जाते ती हात सैल असेल तरच. बाईनं हात आवळला की काच तडकते, आणि हिरवी बांगडी भरताना तडकणं कुठल्याच घरात चांगलं मानत नाहीत. "आवळू नको" म्हटलं की बाई आणखी आवळते. म्हणून ताहेराबी उजवा हात आपल्या हातात घेई आणि डाव्या हातात एक पान देई. "काय दिसतं यात, सांग बरं." बाई चित्राकडं बघू लागे, बोलू लागे, आणि बोलता बोलता हात लोण्यासारखा सैल पडे. बांगड्या कधी आत गेल्या ते तिलाही कळत नसे.

पण बाया बोलत ते चित्राबद्दल थोडंच. एखादीला राजाच्या गादीत माहेर दिसे, एखादीला तलवारीत जाऊबाई. मग ज्यांच्या मनासारखं पुढं घडलं, त्यांनी पानाला श्रेय दिलं. हळूहळू गावोगाव बोलबाला झाला की शरिफाबीची पानं खरं सांगतात. विशेषतः कुणाचे दिवस लांबले की, "शरिफाबीला येऊ द्या, पान बघू."

शरिफाबीनं हा समज कधी खोडला नाही. पानांमुळं तिला मान मिळत होता, आणि मान कुणाला नको असतो? एकदा नळदुर्गातच, मथुरा नावाच्या कोवळ्या पोरीच्या हातात राजाचं पान आलं. गादीवरचं छत बघून शरिफाबी सहज बोलून गेली, "पाळणाच की गं हा!" घरच्यांनी ते उचललं. पहिल्या महिन्यांतली चोरचोळी झाली, पाहुण्यांत बातमी गेली. महिन्याभरात कळलं की तसं काही नव्हतं. मथुरा खोटारडी ठरली. तिला माहेरी धाडलं, आणि ती परत आली तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. त्यानंतर बांगड्या भरताना तिनं शरिफाबीकडं एकदाही मान वर करून बघितलं नाही. तेव्हापासून शरिफाबीनं नियम केला: पानात काय आहे ते आपण बोलायचं नाही. ज्याच्या हातात पान, त्यानं बोलायचं.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. भाद्रपदातला सोमवार होता. शरिफाबी अणदूरच्या वाटेला लागली तर गावाबाहेरच्या विहिरीवर धुरपताबाई उभी. घागर भरलेली होती, पण ती उचलत नव्हती.

"मावशी, तुमचीच वाट बघत व्हते."

धुरपता म्हणजे कोंडाबाईची सून, बिभीषणाची बायको. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. आठ दिवसांनी, पुढच्या मंगळवारी कोंडाबाई तुळजापूरला जाणार होती. देवीचं दर्शन हे निमित्त होतं. लातूरकडचे एक पाहुणे तिथं मुलगी घेऊन येणार होते, बिभीषणाला दाखवायला. दुसरी बायको करायला आता कायदा आड येतो, असं तलाठ्यानं सांगितलं होतं. त्यावर कोंडाबाई म्हणाली होती, "कायदा सोलापूरपतोर आला आसंल. अणदूरला अजून मोटार बदलायचीय त्येला."

"मावशी, दोन म्हैनं झालं, मी बाहेर बसले न्हाय."

"मग? आनंदाची गोष्ट."

"मला काय ठाव? आई गेली तवाबी तीन म्हैनं असंच झालं व्हतं. नि काय बी नव्हतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आत्याबाईंस्नी वाटतंय, मी लपवतेय. सोयरीक मोडावी म्हणून. आज त्या पान बघाय लावणार. तुमी निस्तं व्हय म्हणा. तुमचा सबूद गाव मोडत न्हाय."

"आणि नसलं तर?"

"मंगळवार तर टळंल."

 शरिफाबीनं घागर उचलायला हात लावला, ती तिच्या डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "तू हो पुढं. आपण एकत्र दिसायला नको."

चालताना तिच्या मनात हिशेब सरळ होता. एक शब्द बोललं तर एक संसार वाचतो. पण तो शब्द खोटा निघाला तर धुरपताचं काय होईल हे तिला चांगलं माहीत होतं, ते तिनं मथुराच्या रूपानं पाहिलं होतं. आणि शब्द खराही निघू शकत होता. दोन्ही पारडी सारखी भरत होती, आणि वाट संपली.

कोंडाबाईच्या सोप्यात चार-पाच बाया जमल्या होत्या. शेजारची कस्तुराबाई तर सर्वांत पुढं. पलीकडं गोठ्याच्या दारात बिभीषण दोरी वळत बसला होता, म्हणजे निदान हातात दोरी होती.

"ये शरिफा," कोंडाबाई म्हणाली. "आधी सुनंचा हात धर. हिरवा चुडा भर, नि पान दाव. हाय का न्हाय ते एकदाचं कळू दे. मंगळवारी मला जायचंय."

धुरपता समोर येऊन बसली. शरिफाबीनं तिचा उजवा हात घेतला आणि तिला धसका बसला. हात लाकडासारखा झाला होता. अंगठा तळव्यात दुमडलेला. असल्या हातात बांगडी घालणं म्हणजे काच आणि कातडी दोन्हींशी वैर. तिनं पेटी उघडून एक पान काढलं आणि डाव्या हातात दिलं. घोड्यावरचा वजीर आला होता.

"काय दिसतं?"

"घोडा."

"आणि?"

"घोड्यावर माणूस. तोंड तिकडं फिरवलंय त्येनं."

"बिभीषणाकडं घोडा कुठला गं?" कस्तुराबाई मध्येच बोलली. "ह्यो म्हशीवर बसून जाईल नवरी बघाय!"

बाया हसल्या. गोठ्याच्या दारातली दोरी थांबली.

"हसू नका," कोंडाबाई करवादली. तिनं सुनेच्या हातातून पान ओढून घेतलं आणि शरिफाबीच्या नाकासमोर धरलं. "तिला काय इचारतीस? तू सांग. पोटात हाय का न्हाय?"

 धुरपता शरिफाबीकडं बघत होती. त्या नजरेत विहिरीवरची विनवणी अजून तशीच होती. हो म्हणायला एक क्षण पुरला असता.

"कोंडाबाई," शरिफाबी म्हणाली, "या पानाला काही कळत नाही."

"काय?"

"खुदा गवाह आहे, सच सांगते. ही खेळायची पानं आहेत. माझ्या सासूनं ती बायांच्या हातात द्यायला सुरुवात केली ती बायांचा हात सैल पडावा म्हणून. बांगडी फुटू नये म्हणून. बाकी सगळं तुम्ही लोकांनी लावलं, आणि मी लावू दिलं. माझीच चूक."

"म्हंजी एवढी वर्सं आमाला येड्यात काढलंस?" कस्तुराबाईचा आवाज चढला. "माझ्या लेकीला ल्योक सांगितलास तो?"

"मी नाही सांगितला, कस्तुराबाई. तूच म्हणालीस, मोहरा म्हणजे मुलगा. मी गप्प बसले."

दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांचा मान सोप्यातून उठून चालला आहे हे शरिफाबीला दिसत होतं. तिनं कोंडाबाईच्या हातातलं पान हळूच काढून घेतलं आणि पुन्हा धुरपताला दिलं.

"पानाला कळत नाही, बेटी. पण तुला काय वाटतं ते तुला बोलता येतं. बोल."

धुरपतानं पान डोळ्यांजवळ धरलं. मग बोलली ती पानाशीच.

"हाय का न्हाय, मला खरंच ठाव न्हाय. मी लपवलं न्हाय. सकाळी उठले की हाय वाटतं, दिस मावळंपतोर न्हाय वाटतं. रोज देवाला म्हणते, असू दे. पण परवा माझं मलाच कळंना झालं. मला लेकरू पायजे, का निस्ती सवत नको?" ती थांबली. "सवतीला आडवायचं म्हणून लेकराला बोलावलं, तर त्ये लेकरू तरी का येईल माझ्याकडं?"

उठलेल्या बाया परत टेकल्या. कस्तुराबाईसुद्धा खाली बसली.

"नि ह्यो माणूस," धुरपतानं पानावर बोट ठेवलं, "असो का नसो, त्येनं एकदा तोंड इकडं करून मला इचारावं. अकरा वर्सांत इचारलं न्हाय. सगळी माझ्या पोटाला इचारत्यात."

शरिफाबीला तळहाताखाली जाणवलं. दुमडलेला अंगठा उलगडला होता. तिनं पहिली बांगडी सरकवली, दुसरी, तिसरी. एकही तडकली नाही. रीतीप्रमाणं धुरपतानं वाकून नमस्कार केला. शरिफाबीनं दुआ दिली ती नेहमीचीच, "सुखी राहा." त्यात पुत्राचा उल्लेख तिनं त्या दिवशी मुद्दाम टाळला.

बिभीषण गोठ्यातून सोप्याच्या पायरीपर्यंत आला होता. कुणाकडंही न बघता म्हणाला, "आये, मंगळवारी जुंधळ्याला पाखरं राखाय लागतील. मला जमायचं न्हाय." एवढं बोलून तो शेताकडं निघून गेला. ज्वारीची पेरणी अजून व्हायची होती, हे सोप्यातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी, ऐन घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, धुरपता स्वतःहून सोप्याच्या कडेला बाहेर जाऊन बसली. या खेपेला त्रास फार झाला. असून गेलं की मुळात नव्हतंच, हे कुणालाच कळलं नाही. पण ती खोटी ठरली नाही, कारण खोटं असं कुणी काही बोललंच नव्हतं. कोंडाबाईनं बाळंतिणीला देतात तसा ओवा आणि गूळ लांबून तिच्याकडं सरकवला. तोंडानं म्हणाली, "खा. उगं बघत बसू नको." त्या वर्षात तिनं सोयरिकीचा विषय आणखी दोनदा काढला. दोन्ही वेळा बिभीषणानं पाखरांचीच सबब सांगितली. मग तिनं तो सोडून दिला.

शरिफाबीचा मान काही दिवस खरंच गेला. दोन सोमवार अणदुरात तिच्यापुढं दोनच हात आले. तिसऱ्या सोमवारी कस्तुराबाई आली, फुगून बसली आणि म्हणाली, "पानाला काय कळत न्हाय, ठाव हाय. तरीबी दे. बोलायला बरं पडतं."

दिवाळीच्या बांगड्या भरायला शरिफाबी कोंडाबाईच्या घरी गेली. धुरपता जात्यावरून उठून हात पुसत आली आणि समोर बसली. शरिफाबी पेटी उघडू लागली तशी तिनं झाकणावर हात ठेवला.

"आज पान ऱ्हाऊ द्या, मावशी," ती म्हणाली. "हात सैलच हाय."

शरिफाबीनं हात हातात घेऊन बघितला. होता.