मी ‘बघतो’ म्हणालो

मी मेयर झालो तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी लाल दिव्याच्या गाडीची चौकशी केली होती. न्यू जर्सीतल्या आमच्या एवढ्याशा गावात मेयर म्हणजे दिवसभर औषध कंपनीत नोकरी करून संध्याकाळी लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा इसम. पानगळीचे ढीग कधी उचलणार, शेजाऱ्याचं कुत्रं का भुंकतं, हरणांनी टोमॅटो खाल्ले त्याचं तुम्ही काय करणार. पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! देवळात लोक हात मिळवायला पुढे यायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

आमच्या गल्लीत नागपूरकडचे एक निवृत्त काका आणि काकू राहायचे. गावाच्या मधून मोठा रस्ता जातो, त्याच्या पलीकडे लायब्ररी. काकू गाडी चालवायला कधी शिकल्याच नाहीत, त्या रोज पायी लायब्ररीत जायच्या. क्रॉसिंगला सिग्नल नव्हता आणि गाड्या तिथून सुसाट जायच्या. काकांनी अर्ज लिहिला, घरोघर फिरून सह्या गोळा करायला लागले, आणि एका रविवारी तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा होता, गावाचा नव्हे. सिग्नल लावणं माझ्या हातात नव्हतं. काउंटीच्या मागे लागायचं तर हाच कागद, भरपूर सह्या आणि वर्षभर खेटे. ‘काका, माझ्या एकट्यानं होणार नाही, तुम्ही सह्या पुऱ्या करा,’ एवढंच बोलायचं होतं. पण काका चहा पिता पिता मला ‘मेयरसाहेब’ म्हणत होते, आणि साहेबाला नाही म्हणवेना. मी म्हणालो, “बघतो, काका.”

आमच्या पुण्यात ‘बघतो’ म्हणजे नाही. मुलीचं स्थळ सुचवा नाहीतर शिडी मागा, ‘बघतो’ ऐकलं की शहाणा माणूस दुसरं दार शोधतो. काकांच्या लेखी ‘बघतो’ म्हणजे बघतो. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. उरलेल्या घरांत मग ते सांगत फिरले, “आपला पोट्टा मेयर आहे ना, मग कागद कायले पाहिजे?” हे मला शेजारणीनं नंतर सांगितलं, फार नंतर.

नोव्हेंबरात इथल्या नियमाप्रमाणे घड्याळं तासभर मागे गेली आणि पाचलाच अंधार पडू लागला. लायब्ररीतून परत येताना काकूंना त्या क्रॉसिंगवर गाडीनं उडवलं. त्या जागीच गेल्या.

मग सगळं भराभर झालं. काउंटीचे लोक आले, मोजमापं झाली, वसंतात सिग्नल लागलासुद्धा. वरातीमागून घोडं म्हणतात, हे तर तिरडीमागून आलं. त्याच्या उद्घाटनाला भाषण मीच केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःची किळस आली, तरी फोटोसाठी उभा राहिलो.

त्याच आठवड्यात मी काकांकडे गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. काकांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “तू वाईट वाटून घेऊ नको. हे काउंटीवाले कोणाचं ऐकतात? किती भांडला असशील तू त्यांच्याशी.”

मी काउंटीला एक फोनही केला नव्हता. शिव्या खायची तयारी होती, या मायेची नव्हती. पाणी पिऊन घरी आलो.

पुढच्या निवडणुकीला उभा राहिलो, कारण न राहण्याचं कारण सांगावं लागलं असतं. मतदानाच्या सकाळी शाळेच्या पार्किंगमध्ये काका भेटले. एकटेच, काठी टेकत आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मत तुलाच दिलं बरं का. ती असती तर तिनंही तुलाच दिलं असतं.”

आपण पडावं असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं. मी निवडून आलो.