सात नंबरची खुर्ची

आमच्या अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे. म्हणूनच तर इतके किस्से साठतात! दिवसभर गप्प बसून पोटात जे जमतं, ते संध्याकाळी गोंदिया स्टेशनवर आमगावची गाडी येईपर्यंत कुणाला तरी सांगून टाकावं लागतं. आज तुम्ही सापडलात.

अभ्यासिका म्हणजे मेडिकल स्टोअरच्या वरचा एक हॉल, वीस खुर्च्या, एक कूलर आणि तुरकरकाका. मालक तेच, शिपाई तेच, कूलरमध्ये पाणी भरणारेही तेच. कुणी कुजबुजलं की दारातून आवाज येतो, "बातें बंद! पढाई चालू!" त्या आवाजाने सगळे गप्प होतात आणि माझं पेन खाली पडतं. तीन वर्षं झाली, अजून पडतं.

इथली एक प्रथा आहे. सात नंबरच्या खुर्चीवर बसलेले ओळीने तिघं सरकारी नोकरीला लागले. खिडकीजवळची जागा, समोर कूलर, चार्जिंगचा पॉइंट हाताशी. ज्याचं सिलेक्शन होईल त्याने पेढे आणायचे आणि सात नंबर आता कुणाचा, ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्यात काकासुद्धा बोलत नाहीत.

मी एकोणीस नंबरला, बाथरूमच्या दाराला लागून. कुणी फ्लश केलं की दचकते. आणि यंदा नाही झालं, तर पुढच्या वर्षापासून आमगावला बाबांच्या किराणा दुकानात बसायचं, असं घरी ठरलंय. आता सांगा, मला सात नंबर हवा असेल की नाही?

* * *

सात नंबरवर तेव्हा विवेकदादा बसायचा. त्याचा निकाल जवळ आलेला. मी आठ महिने त्याची पाण्याची बाटली भरून दिली. न सांगता! तो मान वर न करता "थँक्स" म्हणायचा आणि मी दिवसभर खूश.

विवेकदादा लागला. पेढे आले. दादा म्हणाला, "सात नंबर जान्हवीला."

जान्हवीला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते! वडिलांची राइस मिल, आई कॉलेजात प्राध्यापक. मी खाली जिन्यात दादाला गाठलं, विचारलं, काऊन?

"अगं, तिच्या आईने, मॅडमनी, मला दहावीत फुकट शिकवलं होतं," तो म्हणाला. आणि वर, "बरं, बाटली तू भरायची का? मला वाटायचं काका भरतात!"

* * *

जान्हवी वाईट असती तर किती बरं झालं असतं! पण ती चांगली आहे. एकदा तिने मला आणि शेजारच्या अठरा नंबरच्या ममताला घरी चहाला बोलावलं. ममता नवेगाव बांधची, वडील तलावात मासे धरतात. तिला पाचची बस गाठायची होती, म्हणून ती आली नाही. मी गेले.

त्या घरात टीव्ही लागला होता आणि तिघंही टीव्हीशी भांडत होते! बजेटवरून! आमच्या घरी पेपर येतो तो पुड्या बांधायला. मी तर जुन्या पुड्या उलगडून चालू घडामोडी वाचलेली मुलगी.

मी कप तोंडाला लावला, तेवढ्यात तिच्या आईने माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं काय मत?"

आजवर मला घरात फक्त खिचडी की वरण-भात, एवढंच मत विचारलं गेलेलं. मी अशी दचकले की कप फरशीवर! तुकडेच तुकडे.

मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, मत विचारलं. मार्क नाही विचारले!"

* * *

मग काकांनी सगळ्यांसाठी मॉक इंटरव्ह्यू ठेवले. एक रिटायर झालेले मोठे अधिकारी आले. साहेबांसाठी काकांनी शेजारची एसीची खोली मागून घेतली होती, आणि एसी इतका, की माझे दात वाजत होते. साहेबांना वाटलं मी घाबरले. घाबरलेही होते म्हणा.

"छंद?"

"वाचन, सर."

"वा! काय वाचता?"

"चालू घडामोडी, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

माझ्यानंतर जान्हवी. दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेर उभी. ती आत शिरली आणि पहिलं वाक्य, "काका, एसी कमी करा ना, सगळ्या गारठून बाहेर येतायत!"

साहेबांना काका! तिचे बाबा आणि साहेब एका वर्गातले म्हणे. साहेबांनी लगेच रिमोट उचलला, आणि तिच्या कागदावर शेरा लिहिला तो मी नंतर वाचला : 'निर्भीड. इतरांचा विचार करणारी.'

गारठले होते मी आणि मार्क तिला!

* * *

घरी जाऊन मी रडले. बाबांना म्हटलं, सगळ्यांच्या ओळखी आहेत, आपलीच नाही.

बाबा दुखावले. "कोन म्हनते नाही? तहसीलच्या साहेबाचा डायवर आपल्याच दुकानातून चायपत्ती नेते!"

आणि खरंच त्याच्याजवळ शब्द टाकला. मी चार दिवस लाजेने मेले, आणि खोटं कशाला सांगू, आशेवरही होते. पाचव्या दिवशी डायवर निरोप घेऊन आला. बाबांनी त्याला आधी बसवलं, चहा दिला, मग मला बोलावलं.

"साहेबानं सांगतलं," डायवर म्हणाला, "पोरीले म्हना, अभ्यास कर."

बाबा आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होते, साहेबानं स्वतः लक्ष घातलं!

* * *

जान्हवीचा हेवा करण्यात एक सोय असते. कारण लगेच सापडतं. मिल आहे, मॅडम आहेत, साहेबकाका आहेत. खरा त्रास ममताने दिला.

ममता आठवड्यातून चार दिवस येते, अर्धा अभ्यास बसमध्ये. पुस्तकं नाहीत म्हणून मी तिला माझ्या वह्या द्यायचे. देताना फार मोठ्या मनाची वाटायचे स्वतःला. मग टेस्ट सीरिजचा निकाल लागला. ममता माझ्यापेक्षा अकरा मार्कांनी पुढे! माझ्याच वह्या वाचून!

"कसं काय जमलं वं तुले?" मी विचारलं. आवाज जरा चिरकला असेल.

"तुह्या वह्या लय चांगल्या हायेत," ती म्हणाली. "पानापानावर तू लाल पेनानं लिवलं हाये ना, 'घाबरू नको'? मंग मी नाई घाबरली."

त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

* * *

गेल्या महिन्यात जान्हवी लागली. नायब तहसीलदार! मी बाबांना फोन केला. वाटलं, आपल्याला वाईट वाटतंय ते त्यांना तरी कळेल. बाबा ओरडले, "म्हनजे आता आपली ओळख डायरेक्ट साहेबाशी!"

दुसऱ्या दिवशी पेढे आले. हॉलमध्ये सगळे उभे. मी ममताकडे पाहिलं, ममताने माझ्याकडे. तिचे अकरा मार्क जास्त, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, भिंतीवर यादीही लागली होती.

जान्हवी हसत माझ्याकडे आली. "सात नंबर तुझा. आईनेच सांगितलं, त्या कप फोडणाऱ्या मुलीला दे म्हणून. फार आवडलीस तू तिला!"

माझ्या हातातला पेढा खाली पडला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. दारातून काका, "बस हो गया! पढाई चालू!"

मी दप्तर उचलून सातवर जाऊन बसले. काय सांगू तुम्हाला! कूलरची हवा थेट तोंडावर, मोबाइल चार्जिंगला, आणि बाथरूमचा आवाज मुळीच नाही. मी नवी वही काढली. पहिल्या पानावर लाल पेनाने 'घाबरू नको' लिहायला घेतलं.

तेवढ्यात माझ्या टेबलावरून कुणीतरी बाटली उचलली. मी दचकले. मागे वळून पाहिलं तर ममता. ती माठापाशी गेली, बाटली काठोकाठ भरली, परत आणून माझ्या उजव्या हाताशी ठेवली.

"झाकन घट्ट लावलं हाये," ती हळूच म्हणाली. "तू दचकते ना वं."