पत्र्याची शस्त्रसामग्री

आमच्या चर्चच्या पंचकमिटीच्या अध्यक्षानं मंडळीला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे येणार आहे त्यात दोष माझा आहे, आणि माझ्या दोषाआड त्याचा लपायला नको.

कब्रस्तानाची मागची भिंत पडायला आलीय, दुरुस्तीला मंजुरी द्या, म्हणून त्यानं उपासनेनंतर सगळ्यांचे हात वर करून घेतले. मीही केला. भिंत नवी झाली, पण आत सरकून. बाहेर राहिलेला पट्टा शेजारच्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगला गेला. मागच्या गेटला साखळी आली आणि साखळीपाशी कार्यालयाचा वॉचमन बसला. त्या पट्ट्यात माझ्या आईची कबर आहे. कच्चीच होती, मातीचा उंचवटा आणि मी स्वतः वेल्ड केलेला क्रूस. लग्नसराईत जाऊन बघितलं तर उंचवट्यावर एक गाडी उभी, आणि क्रूस उपटून भिंतीला टेकवलेला.

नवी पेठेच्या मागं माझं पत्र्याच्या पेट्या-कपाटांचं दुकान आहे. हातगाडीवर पेट्या विकत इथवर आलोय. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही, आणि राग आला की समोर कोण आहे ते मला दिसत नाही.

बायको संडे स्कूल घेते. तेव्हा मुलांच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. बायबलातल्या एका पत्रात देवाची शस्त्रसामग्री सांगितलीय. सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, असं एकेक घालून एकेक मूल पुढं येणार.

“अहो, पुठ्ठ्याचंच करा. वर चंदेरी कागद लावते मी.”

“पुठ्ठा बघून लोक म्हणतील, स्वतःचं दुकान असून हात आखडला.”

“आणि पायताणं? शांतीची?”

“पोरं घरच्या चपला घालतील की. चपला कोण बघतंय?”

ढाल पत्र्याची झाली. तलवार मी लोखंडी पट्टीची केली आणि ग्राइंडरवर घासून तिला धार काढली. बायकोनं ती एकदा हातात घेतली आणि मुलांना न देता हॉलमधल्या कपाटावर ठेवून दिली.

त्याच आठवड्यात घरगुती प्रार्थना आमच्याकडं होती आणि संदेश मी देणार होतो. मी तोच भाग काढला. आपलं झगडणं माणसांशी नाही, असं तिथं सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंय. ते मी वाचलंच नाही, त्याच्या पुढून वाचायला लागलो. चांगला माल वर ठेवायचा, पोचा आलेला खाली सारायचा, ही धंद्यातली सवय. गेटबाहेर गाणी म्हणून निषेध करू, असं काहींचं चाललं होतं. मी म्हणालो, “शस्त्रं चढवा म्हटलंय. गेटबाहेर उभं राहून गाणी म्हणा असं नाही म्हटलेलं.”

बायको दारातून म्हणाली, “तलवार म्हणजे वचन हो. माझ्या चौथीतल्या पोरांना ठाऊक आहे.”

लोक हसले. तरण्या पोरांपैकी एकानं मात्र मोठ्यानं आमेन म्हटलं. मला तेवढंच हवं होतं.

शनिवारी दुपारी चारपाच पोरं घेऊन मी साखळी तोडायला गेलो. कपाटावरची तलवार माझ्या हातात. नुसता धाक दाखवायला, असं मी त्यांना सांगितलं होतं. वॉचमन कुंभारी गावचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा. खुर्चीतून उठला.

“कुटं निघाला सायेब? नाटक हाय का काय?”

“बाजूला हो. साखळी तोडायचीय.”

“मालकाला इचारा आदी. माझी नोकरी जाईल की.”

मागून एक पोरगं म्हणालं, “काका, ही पेटीची पट्टी. हिनं टाचणीबी तुटायची न्हाय.” सगळे हसले, वॉचमनही हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी साखळीवर वार केला. त्यानं साखळी धरायला हात घातला.

वार साखळीवर केला होता. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याला काही किंमत राहिली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर तोच म्हणाला, “गेटचा पत्रा लागला.” बाहेर बाकावर मी त्याला विचारलं, असं का सांगितलंत.

“मारामारी म्हनलं तर मालक ठिवत न्हाय.” मग त्यानंच विचारलं, “तितं कोन हाय तुमचं?”

“आई.”

“त्यो लोकंडी क्रूस तुमचा व्हय? गाडीच्या चाकाखाली जात हुता. म्या काडून भितीला लावला.”

त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत. मालकानं त्याला ठेवलंही नाही.

त्याच संध्याकाळी अध्यक्ष दुकानात आला, बसला, चहा घेतला. म्हणाला, “तुमचं मी कुठं बोलत नाही. तुम्ही गेटचं बोलू नका.” गिऱ्हाइकाला सहजासहजी हो न म्हणणारा मी, त्याला लगेच हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं चर्चमध्ये उभं राहून शहरातल्या शांतीसाठी प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो.

मुलांचा कार्यक्रम शेवटी पुठ्ठ्याच्या शस्त्रांवरच झाला. एक लहान मुलगी चंदेरी कागद गुंडाळलेल्या चपला घालून, कागद फाटू नये म्हणून जपून पाय टाकत आली. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही, अजूनही फारसं बघत नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहणार आहे. आधी त्या हाताचं सांगेन. पट्टीला धार मी काढली, वाक्य मी गाळलं, पोरांना मी नेलं. पोलिसांत जावं लागलं तर जाईन. पण मग अध्यक्षानं घाईनं आशीर्वाद उरकून आम्हांला घरी पाठवायचं नाही. त्यानंही उभं राहायचं, आणि आमचे हात कशासाठी वर करून घेतले, माझी आई भिंतीच्या बाहेर का पडलीय, याचं उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं.