एक सुई कमी

अकाइतिच्या घरात शिरायचं तर आधी चपला बाहेर काढायच्या, मग मांजरं ओलांडायची आणि मग कापड. तिच्या जमिनीवर सदा काहीतरी पसरलेलं असतं. कुणाच्या लग्नाची तिवाइवाइ, कुणाच्या मयताची, कुणाच्या बाळाची. तिवाइवाइ म्हणजे गोधडीच, फक्त आत कापूस नाही. एका रंगाच्या चादरीवर दुसऱ्या रंगाची फुलंपानं कापून बसवायची आणि कडेकडेने बारीक टाके घालायचे. अकाइति एका वेळी तीन-चार कामं अंगावर घेते आणि एकही वेळेत व्हायचं नाही म्हणून रडते. कामं होतात. रडणं काही चुकत नाही.

आणि मांजरं. आमच्या ऐतुताकी बेटावर कुत्रा औषधालाही सापडायचा नाही, त्यामुळे इथल्या मांजरांना भीती म्हणजे काय ते माहीतच नाही. अकाइतिची तर पार शेफारलेली. घरातलं एखादं माणूस ऑकलंडच्या विमानात बसलं की ती एक पिल्लू घरी आणते आणि त्याला त्या माणसाचंच नाव ठेवते. नूरोआ म्हणजे तिचा थोरला मुलगा आणि नूरोआ म्हणजे शेपटी तुटलेला पिवळा बोका. "नूरोआने काल उपोकोच्या चुलीवरचा मासा पळवला," हे ऐकून नवीन पाद्रीबाबा चर्चच्या पायरीवर थबकले होते.

मला स्वतःला मांजरं आवडत नाहीत. मी शेजारी राहते आणि माझ्या पपयांच्या बुंध्याशी ती काय करतात ते मला रोज दिसतं. तरी मी रोज शिवायला तिच्याकडेच जाते, कारण बेटावर तिच्यासारखं कापड दुसऱ्या कुणाला कापता येत नाही आणि तिच्यासारखं भिताही येत नाही. वाऱ्याला भिते, रेडिओवरच्या वादळाच्या बातमीला भिते, पाहुण्यांना जेवण कमी पडेल म्हणून भिते. पण सगळ्यात जास्त भिते ती फोनला.

फोनवर नूरोआ असतो. बोका नव्हे, मुलगा. "आई, गोळ्या घेतेस? पाय दाखवलेस का कुणाला?" तिला साखरेचा आजार आहे आणि साखर पायात उतरली की माणूस ऑकलंडला जातो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा चुलतभाऊ एका बोटापायी गेला. आता तो तिथे तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून पार्किंग बघतो म्हणे. म्हणून अकाइति फोनवर ठणकावून सांगते, "पाय दगडासारखे आहेत माझे. बोटी ओढायला सांग, ओढते." 

आम्हालाही ते खरं वाटायचं. मागे एकदा चर्चच्या जेवणाला जमिनीतली भट्टी उघडली, तेव्हा ही बाई तापलेल्या दगडावर पाय ठेवून खुशाल तारोचे कंद वाढत उभी. आमच्याबरोबर शिवायला बसणारी उपोको म्हणाली, "हिच्या टाचा करवंटीच्या आहेत गं," आणि आम्ही पोट धरधरून हसलो. अकाइतिही हसली.

तर तो शुक्रवार. शनिवारच्या विमानाने तिची नात मेरेआना बाळाला घेऊन यायची होती आणि रविवारी चर्चमध्ये बाळाचं नाव ठेवायचं होतं. त्या वेळी बाळाला गुंडाळायची तिवाइवाइ आमच्यापुढे पसरली होती, पांढऱ्यावर लाल जास्वंदी. शेवटच्या पाकळ्या राहिल्या होत्या. अकाइति, उपोको आणि मी तीन कडांना बसून शिवत होतो, आणि नूरोआ बोका बरोबर मधोमध पसरून लोंबणारे दोरे चावत होता.

"उठव त्या मेल्याला," मी म्हटलं.

"असू दे गं, पुआ. ऊब घेतोय."

"ऊब? एवढ्या उकाड्यात?"

सुयांच्या बाबतीत मात्र अकाइति कुणाचं ऐकत नाही. सुया तिच्याच. नवऱ्याच्या, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, चर्चला घालायच्या टायवर ती त्या ओळीने टोचून ठेवते. सकाळी वाटायच्या, काम संपलं की परत घ्यायच्या. मध्येच उठायचं झालं तर सुई आपल्या झग्याच्या छातीवर टोचायची, चादरीवर कधीच सोडायची नाही. चादरीवर अनवाणी रांगायचं असतं आणि पुढे त्या चादरीत कुणीतरी झोपायचं असतं.

दुपारी फोन वाजला. अकाइति धडपडत उठली. मेरेआना होती, सामान बांधून झालं एवढंच सांगत होती. अकाइति डोळे पुसत परत आली, उरलेले टाके उपोकोने आणि मी घातले, दोरे कापले आणि तिने टाय उलगडला. उपोकोने सुई दिली, मी दिली. टायवर एक जागा मोकळीच राहिली.

"उपोको, दे."

"दिली की. माझ्याकडे काय बघतेस?"

"गेल्या खेपेलाही तूच पदार्थ चाखायला सुई ठेवून गेली होतीस."

"गेल्या खेपेला मी गेले होते, आज तू गेलीस. तुझ्या छातीवर बघ आधी."

अकाइतिने छाती चाचपली. झग्यावर काही नव्हतं. तिचा चेहराच उतरला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती सुई तशीच मांडीवर टाकून उठली होती, फोनच्या भीतीने. लाल दोरा ओवलेली सुई, आणि दोराही चांगला वीतभर.

आम्ही चटई झटकली, केस चाचपले, झगे उलटे केले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बोका जागेवर नाही. आणि उपोकोला नको ते नको तेव्हा आठवतं. "माझ्या मावशीच्या मांजरीने दोरा गिळला होता," ती म्हणाली, "सुईसकट. लाळ गाळत घराखाली जाऊन बसली. गेली बिचारी."



बेटावर जनावरांचा डॉक्टर नाही. मी मोठ्या बेटावर, रारोटोंगाला, जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईने शांतपणे सांगितलं, "तोंडात दोरा दिसला तर अजिबात ओढू नका. मांजराला धरून ठेवा आणि विमानाने पाठवा." धरायला मांजर तर हवं. आम्ही घराखाली पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, मी माझ्या पपयांखालीसुद्धा वाकून पाहिलं. बोक्याचा पत्ता नव्हता.

अकाइति दारात उभी राहून हाका मारत होती. "नूरोआ, ये रे बाळा." मग ती देवाशी बोलायला लागली, मोठ्याने. "देवा, त्याच्या पोटात नको." आणि तिथेच तिची जीभ अडखळली. बोक्याच्या पोटात नसेल तर सुई चादरीत होती. आणि चादरीत परवा बाळ असणार होतं. ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली, जणू काय मागायचं ते मीच सांगावं.  

"दुसरी चादर घे बाळाला," उपोको म्हणाली.

"दुसऱ्याच्या नावाची? माझ्या पणतीला?" अकाइति म्हणाली. चादर ज्याच्या नावाने शिवली त्याचीच, ते तर कुणीच केलं नसतं.

मग अकाइतिने जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शिवून शिवून आमच्या बोटांना घट्टे पडलेले, बोटांना सुई कळेलच असं नाही. म्हणून तिने चादरीचा कोपरा उचलला आणि गालाला लावला. एकेक वीत गालावर दाबत पुढे सरकायला लागली. "डोळ्यात जाईल गं," मी ओरडले. "जाऊ दे. बाळाच्या नको जायला," ती म्हणाली. मीही दुसऱ्या टोकाने गाल लावला. उपोकोने जरा कुरकुर केली आणि तिसरं टोक घेतलं. आम्ही तीन म्हाताऱ्या चादरीवर गाल घाशीत होतो आणि प्रत्येक फुलाला माझा जीव वर-खाली होत होता. एकेक जास्वंद झाली, पानं झाली, कडा झाल्या. सुई नव्हती.

"म्हणजे त्याच्याच पोटात," अकाइति म्हणाली. तिने चादरीची घडी केली, आणि आता ती बोक्यासाठी रडली. उपोको नवऱ्याला जेवायला वाढायला गेली. मी थांबले, हिला एकटीला सोडवेना.

उन्हं कलली आणि नूरोआ आला. मागच्या दाराने, तोंडाला माशाचा वास, पोट टम्म. धक्क्यावर बोट लागली होती, दुसरं काय. मी जन्मात पहिल्यांदा मांजर उचललं. त्याचा जबडा उघडला, जीभ उचलून खाली पाहिलं. दोरा नाही, लाळ नाही. त्याने मला ओरबाडलं आणि सुटला.

"ठीक आहे तो," मी म्हटलं. "अगं, ठणठणीत आहे."

"मग कुठे आहे?" अकाइति पुटपुटली. ती त्याला खायला द्यायला स्वयंपाकघराकडे वळली. बोका तिच्या मागोमाग गेला, पण भांड्याकडे नाही. तो दबा धरून तिच्या पायाशी बसला, आणि ती पाऊल उचलेल तसा पंजा मारायला लागला. तिच्या टाचेशी काहीतरी लाल लोंबत होतं. त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्याच अंगाला लाल दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, म्हणून मी आधी हसले. बोक्याने दोरा दातात धरला आणि मागे ओढला. दोरा ताणला गेला, टाचेची कातडी वर उचलली गेली. अकाइति बशीत दूध ओतत होती.

"अकाइति," मी म्हटलं, "हलू नकोस."

"का गं?"

मी गुडघ्यावर बसले, बोक्याला ढकललं आणि तिचा पाय हातात घेतला. सुई आत गेली होती, नेढ्यापर्यंत. दुपारपासून ती त्या पायावर चालत होती, गुडघे टेकून रांगत होती, दारात उभी राहून हाका मारत होती.

तिने मान वळवून पाहिलं. आणि तिला एवढं हायसं वाटलं की ती मोठ्याने हसली. "माझ्यात आहे होय! देव पावला. पुआ, माझ्यात आहे!" तिने माझा मुका घेतला. मला तिच्याकडे बघवेना.

"दुखत नाही का गं?"

"काय?" ती म्हणाली. आणि मग तिचं हसू हळूहळू गेलं. ती म्हणाली, "नूरोआला सांगू नकोस." मी बोक्याकडे पाहिलं. "तो नाही," ती म्हणाली. "तो."

मी तिला माझ्या स्कूटरवर मागे बसवून टेकडीवरच्या दवाखान्यात नेलं. नर्स गावातलीच पोर, आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिने चिमट्याने सुई काढली, तेव्हा अकाइति शेजारणीचा पाय बघावा तशी बघत होती. "ती धुऊन दे मला," ती म्हणाली, "टायवर एक कमी आहे." नर्सने जखम पुसली, पट्टी बांधली, आणि मग कपाटातून नायलॉनची एक बारीक, ताठ काडी काढली.

"दोन्ही पाय वर घे माई. डोळे मीट. मी जिथे टोचेन तिथे 'हो' म्हण."

अकाइतिने डोळे मिटले आणि माझा हात पकडला. काडी अंगठ्याला लागली, मग चवड्याला, मग तळव्याला. प्रत्येक ठिकाणी काडी वाकत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण, बाई, खोटं का होईना. एकदा मी तिचा हात दाबलाही, पण तिला वाटलं मी धीर देतेय, तिने उलट माझा हात थोपटला. नर्स दुसऱ्या पायाकडे वळली. बोटं झाली, टाच झाली, काडी घोट्यापर्यंत आली. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि काडी खाली ठेवली.

अकाइति डोळे घट्ट मिटून बसली होती. "कर की सुरू, पोरी," ती म्हणाली. "घरी मांजरं उपाशी आहेत."