साडीच्या खोक्यावरची तार

कुमुदकाकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी लोखंड शोधायच्या. हातात छोटा रेडिओ असायचाच. तो खिडकीच्या गजांना, झोपाळ्याच्या कड्यांना, कूलरच्या स्टँडला टेकवून बघायच्या आणि आवाज वाढला की समाधानानं मान हलवायच्या. "तुमच्या कपाटात दागिने असोत नसोत, स्टेशन मस्त लागते," असं त्यांनी माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

मनीषनगरात आमचे फ्लॅट शेजारी, मधली भिंत एकच. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. गच्चीवर रेडिओची तार लावायला सोसायटीची मनाई होती आणि सेक्रेटरी मीच. मी नियम सांगितला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "राहू द्या भाऊ. घरातल्या घरातच पाहते करून," म्हणाल्या.

मग त्यांनी पडद्याच्या दांडीवरून तार नेली, कपडे वाळवायच्या दोरीला गुंडाळली, पलंगाखालून फिरवली. अखेर जमलं ते इतवारीतल्या दुकानातून आणलेल्या साड्यांच्या मोठ्या खोक्यावर. खोक्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे आणि टोकांना जुन्या रेडिओतलं स्टेशन फिरवायचं चक्र. रेडिओ नुसता जवळ ठेवला की लांबचं स्टेशन उठून यायचं. खोकं फिरवत त्या मला समजवायच्या, "ज्याच्याकडं याची धार केली त्याचं ऐकू येते. ज्याच्याकडं तोंड केलं तो गायब. अन् त्याच्या पाठीमागचाही गायब."

हा सगळा खटाटोप संध्याकाळच्या अर्ध्या तासासाठी होता. पूर्वेला, छत्तीसगडातल्या एका लहानशा केंद्रावर त्यांचा मुलगा प्रशांत हिंदीतून शेतकऱ्यांचा कार्यक्रम करायचा. लग्नावरून भांडून त्यानं घर सोडलं होतं, आईचा फोन तो घेत नसे. ते केंद्र मोबाईलवर मिळत नव्हतं. कूलरची मोटर रेडिओत घुरघुरते म्हणून भर मे महिन्यातही काकू कूलर बंद करून, पदरानं वारा घेत, धानावरची कीड ऐकत बसायच्या. "पोराले कधी कुंडीतली तुळस जगवता नाही आली. आता दुनियेले धान शिकवून राहिला," म्हणायच्या.

मी एकदा विचारलं, "काकू, याने मन भरतं का?"

"माझ्याशी नाही बोलत तो, भाऊ. पण बोलते तर."

एका पावसाळ्यानंतर त्यांच्या रेडिओत करकर सुरू झाली. काकू रेडिओ घेऊन जिना चढल्या, उतरल्या, प्रत्येक दारापाशी थांबल्या. माझ्या दाराशी करकर सगळ्यात मोठी होती. "भाऊ, संध्याकाळचं काही लावून ठेवता काय?"

"नाही बा," मी म्हणालो.

लावत होतो. विजेवरच्या स्कूटरची बॅटरी. पार्किंगमधल्या एकुलत्या एका प्लगवर नंबर लागत नसे, म्हणून मी ती पिशवीत घालून वर आणायचो आणि काकूंच्या भिंतीला लागून चार्ज करायचो. घरात बॅटरी चार्ज करायची नाही, ही नोटीस लिफ्टजवळ मीच चिकटवली होती.

पुढे ते केंद्र बंद होणार असल्याचं खुद्द प्रशांतनंच कार्यक्रमात सांगितलं. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी काकू आल्या. "उद्या तेवढा अर्धा तास सगळ्यांले चार्जर, कूलर बंद ठेवा म्हणावं." मी ग्रुपवर निरोप टाकला आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ऐकला. बिल्डिंग कधी नव्हे इतकी गप्प झाली. माझी बॅटरी पार उतरलेली होती, सकाळी लवकर निघायचं होतं. एकानं काय होतंय, असं वाटलं आणि मी चार्जर लावला.

मग भिंतीतून करकर ऐकू आली. मी उठलो, बटणावर हातही ठेवला. पण आत्ता बंद केलं तर पलीकडे करकर त्याच क्षणी थांबेल आणि काकूंना कळेल, हे लक्षात आलं. मी हात काढून घेतला. अर्धा तास पलंगावर बसून ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या. "सगळ्यांले माझा नमस्कार सांगा. चांगले वागले लोक."

"लागलं का स्टेशन?"

"खोकं फिरवून फिरवून पाहिलं. तुमची भिंत अन् त्याचं गाव एका रेषेत येते, भाऊ. एकाले गायब केलं की दुसराही जाते." एवढं बोलून त्यांनी माझ्या मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारलं. त्यानंतर त्यांच्या घरून रेडिओचा आवाज आला नाही. मी मात्र बॅटरी खाली चार्ज करू लागलो.

त्या उन्हाळ्यात काकू गेल्या. प्रशांत फ्लॅट रिकामा करायला आला, तेव्हा खोक्यावरची तार सोडवायला मी त्याच्या मदतीला बसलो. तार कशासाठी होती ते मी सांगितलं, तसा तो एकेक वेढा बोटांभोवती गुंडाळत गेला. मग म्हणाला, "शेवटच्या दिवशी कार्यक्रम संपवताना मी मराठीत एक वाक्य बोललो होतो. आई, जेवून घे. तिनं ऐकलं असंल ना, काका?"

"ऐकलं," मी म्हणालो. तो तार हातात धरून रडला, आणि मी त्याला रडू दिलं.

प्रशांत, तिनं ऐकलं नाही. मधे माझी भिंत होती.