माडाच्या मुळाशी ओतलेलं पाणी

संपात गिरणी सुटली आणि मी मुलुंडला मच्छीची खानावळ टाकली. गाळा, भांडी, लायसन, सगळं घासाघीस करून मिळवलेलं. त्यामुळे ऐन पावसाळ्यात महापालिकेचा इन्स्पेक्टर दारात येऊन म्हणाला, "मालक, तुमचं घाण पाणी पावसाच्या गटारात जातंय. बंद झालं नाही तर खानावळ बंद करीन," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"तक्रार कुणी केली?"

"ते सांगत नसतात."

सांगायची गरज नव्हती. शेजारचा गॅरेजवाला आठवडाभर नाकाला रुमाल लावून फिरत होता. त्याच्याकडचं गाड्यांचं काळं तेल त्याच गटारात सुटायचं, ते साहेबांना दिसलं नाही.

इन्स्पेक्टरने खिशातून लाल रंगाची पुडी काढली. मोरीत रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं. मी म्हटलं, "तुमची पुडी तुमच्याकडेच ठेवा साहेब. माझी नीळ घ्या. आणि रंग मैल्याच्या गटारात गेला तर पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. बोला, कबूल?"

तो हसला. "बरं, आणा नीळ."

कपड्यांची नीळ बादलीत कालवून मोरीत ओतली. गल्लीतलं मैल्याच्या गटाराचं झाकण उघडलं, तर खाली निळं पाणी सरळ वाहत होतं. भिंतीमागच्या पावसाच्या गटारात निळा थेंबही नव्हता. बघ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा मी म्हटलं, "आता तक्रार करणाऱ्याच्या घरी जा, चहा प्या!"

तेवढ्यात माझी बायको मागच्या दाराने घमेलं घेऊन आली. बांगडे धुतलेलं पाणी तिने नेहमीसारखं माडाच्या मुळाशी ओतलं. गावाहून आणलेलं रोप ते, मासळीच्या पाण्यावरच पोसलेलं. पाणी मुळाशी क्षणभर थांबलं, भिंतीखालच्या भेगेत शिरलं आणि पलीकडे पावसाच्या गटारात उतरलं. त्यावर खवले चमकत होते.

इन्स्पेक्टरने आधी भेगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाडाला पाणी घालणं गुन्हा आहे काय?" मी ओरडलो.

"झाडाला साधं पाणी घाला. मासे आत धुवा. सोमवारी येतो. तसंच दिसलं तर कुलूप."

मी पावसाळा संपेपर्यंतची मुदत मागितली, मग दसऱ्यापर्यंतची, मग निदान महिन्याची. सोमवारवरून तो हलला नाही. इतकं ताठ गिऱ्हाईक मी भाजीबाजारातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तो गेल्यावर बायको माझ्यावरच उसळली. आतल्या मोरीसमोरच देव्हारा होता. "देवाच्या फुड्यात मी मासे कापूचंय नाय. सांगून ठेवतंय."

"मग देव हलवतो!"

"हलवा. तुमका काय, तुमी सगळाच हलवशात."

देव गल्ल्यावर आणले. मासे धुवायचा ओटा आत घ्यायला जागा हवी होती, म्हणून कोपऱ्यातलं टेबल काढलं. सोमवारी इन्स्पेक्टरने ओटा पाहिला, मान हलवली आणि गेला. गॅरेजकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

ते मला सोसेना. तेलाची तक्रार करायची म्हणून मी तडक वॉर्ड ऑफिस गाठलं. पायरी चढता चढता हिशेब सुरू झाला. गॅरेजमधले सगळे मेकॅनिक दुपारी माझ्याकडेच जेवायचे. गॅरेजला कुलूप लागलं तर माझं काय? दोनदा वर चढलो, दोनदा खाली आलो. शेवटी परत फिरलो.

दुपारी गॅरेजवाला जेवायला आला. "कोपऱ्यातलं टेबल कुठे गेलं रे? माझी जागा होती ना ती!"

ताट त्याच्यासमोर आपटावंसं वाटलं. हळूच ठेवलं.

"बस रे कुठेही," मी म्हटलं. "कालवण वाढू?"