बिशपाच्या डोळ्यांवरची पट्टी

बोलण्याआधी हातावरची धूळ फुंकायची आणि 'मतलब' म्हणून सुरुवात करायची, ही आमच्या ओळखीच्या जयपुरी मूर्तिकाराची सवय. मूर्ती घडली की तो तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. ती प्रतिष्ठापनेलाच सुटते. परवा एका चर्चसाठी घडवलेल्या, जुन्या फ्रँक राज्यातल्या बिशप संतालाही त्याने ती बांधली होती. हा संत मूळचा सोनार, गुलामांना विकत घेऊन मोकळं करणारा. रस्त्यातल्या शेंदूर फासलेल्या दगडापुढेही चपला काढणारा माझा नवरा बुटांसकट चौथऱ्यावर चढला आणि फोटोसाठी त्याने पट्टी ओढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर म्हणतो कसा, "ये थोड़े ही भगवान हैं."

मूर्तिकाराने धूळ फुंकली, पट्टी पुन्हा घट्ट बांधली.

"मतलब, साहब, किसी के तो हैं."